अक्काचा होकार

अक्का गेली त्याला अजून वर्ष झालेलं नाही आणि माझं तिच्याशी भांडण चालूच आहे. माणूस गेलं की भांडण मिटतं, असं लोक म्हणतात. मिटत नाही. फक्त समोरून उत्तर यायचं थांबतं आणि आपण एकटेच दोघींचं बोलत बसतो. मला तिच्याकडून एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. धुळ्याला त्या दिवशी ती हो का म्हणाली? ते न देता ती गेली, याचा मला अजून राग आहे.

मी धरणगावच्या बाजूची. लग्न होऊन जळगावात आले तेव्हा नवऱ्याचं काम सुटलेलं होतं. ज्वारीचे बिबडे थापून, वाळवून, टोपलीत घालून मी दारोदार विकले. या गावात भाव कसा करायचा हे मला कुणी शिकवलं नाही, मी दारात उभी राहून शिकले. पुढे गल्लीतल्या बायका गोळा केल्या आणि महिला मंडळ काढलं. उन्हाळ्यात कुरडया, पापड, बिबडे. सणाला, लग्नाला खापरावरचे पुरणाचे मांडे. दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीतून ऑर्डरी यायच्या, कारण तिथं बदलीवर आलेल्या बायकांना मांडे खायला हवे असतात, करायला नको असतात.

मांड्याला दोन बायका लागतात. एक हातावर करणारी. पुरण भरलेला गोळा हातावर घेऊन, झुलवत झुलवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि पालथ्या खापरावर टाकायचा. ते माझं काम. दुसरी जाळ सांभाळणारी. आमच्याकडे जाळ कपाशीच्या पऱ्हाट्यांचा. भस्सकन पेटतात, भस्सकन विझतात. एक काडी जास्त झाली की मांडा करपला, कमी पडली की कच्चा. ते काम अक्काचं. ती माझ्याहून मोठी, ऐन तारुण्यात नवरा गेलेली, सासूजवळ राहणारी. सासूनं तिला काचेची बांगडी कधी भरू दिली नाही. बाकीच्या बायका आल्या की आधी बांगड्या वाजायच्या. अक्का कधी येऊन बसली ते कळायचंच नाही. जाळ एकदम नीट लागला की समजायचं, आली.

भाव करायलाही आम्ही दोघीच जायचो. आमची एक रीत ठरलेली. मी बोलायची, ती गप्प. गिऱ्हाईक अडलं की मी पिशवी उचलून तडक उठायची आणि दाराकडे चालू लागायची. अक्का मात्र बसून राहायची, बशीतला चहा फुंकत, जणू तिला कुठंच जायचं नाही. समोरचा माणूस गोंधळायचा. एक निघाली, एक बसलेली, म्हणजे अजून बोलणी संपलेली नाहीत. शेवटी तोच हाक मारायचा, "ओ ताई, बसा ना, रागावता काय!" ही रीत कधी फसली नव्हती. बाहेर आलो की ती म्हणायची, "तुनं नाटक भारी शे, बाई." मी म्हणायची, "आणि तुझं?" ती म्हणायची, "मी त चहा पिनू."

संक्रांतीला मंडळात हळदीकुंकू असायचं. अक्का त्या दिवशी मागच्या खोलीत चहा करायची. एका वर्षी मला ते सहन झालं नाही. मी आत गेले, तिचा हात धरला, ओढत पुढे आणलं आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "हिला कुंकू लावल्याशिवाय आज कुणाला वाण मिळणार नाही. कुणाच्या पोटात दुखतं ते बघते मी." खोली चिडीचूप. एकीनं घाबरत करंडा पुढे केला. अक्का म्हणाली, "दूध उतू चालनं, बाई," आणि हात सोडवून आत गेली. नंतर कितीतरी दिवस ती मंडळात फिरकली नाही. मी तिच्यासाठी सगळ्यांशी वैर घेतलं आणि रुसून बसली तीच! तो सल माझ्या मनात होताच.

मग धुळ्याचा तो दिवस. तिकडच्या एका मोठ्या केटररनं बोलावलं होतं. पूर्ण लग्नसराईचं काम. बोलणी चांगली चालली होती, भाव मी हवा तिथं आणला होता. मग त्यानं अट काढली. मांडे मागे शेडमध्ये करायचे नाहीत. लॉनवर, पाहुण्यांसमोर, लाइव्ह काउंटर. सगळ्या बायकांना त्याच्याकडून सारखी हिरवी नऊवारी, नाकात नथ, हातभर हिरव्या बांगड्या.

मी म्हटलं, "आम्ही स्वयंपाक करायला येतो, भाऊ. तमाशा दाखवायला नाही."

"ताई, आता हेच चालतं. लोक व्हिडिओ काढतात. तुमच्याच मंडळाचं नाव होतं."

"नाव आमचं आहेच. मांडे हवे तर मागे चूल मांडून देऊ. नाहीतर राम राम." पिशवी उचलली, उठले, दाराकडे निघाले. पाठीमागे तो कसा चुळबुळतोय ते मला न बघता दिसत होतं. आता हाक मारणार.

हाक आली नाही. अक्काचा आवाज आला. "आमले चाली, भाऊ. आमी करसूत."

मी वळले. तिनं बशी खाली ठेवली होती आणि ती खाली बघत होती. केटरर हसला. त्याच्या टेबलावर बसलेला पोरगाही हसला. आयुष्यात कुणी मला अशी मान खाली घालायला लावली नव्हती.

धुळ्याहून परतीच्या एसटीत मी तोंड बंद ठेवलं नाही. "तुला बोलायला कुणी सांगितलं? सगळी बोलणी मी करायची आणि शेवटी तू मला पाडायचं?" पुढच्या सीटवरची म्हातारी मागे वळून बघायला लागली. अक्का खिडकीबाहेर बघत होती. पारोळा आलं तेव्हा एवढंच म्हणाली, "माले वाटनं, मी बोलनू."

"काय वाटलं? नथ घालून लोकांपुढे नाचावं वाटलं?"

एरंडोल, मग जळगाव. स्टँडवर उतरून ती तिच्या वाटेनं गेली, मी माझ्या.

मी काउंटरवर गेले नाही. अक्का तिघी-चौघींना घेऊन गेली. हातावर मांडा करायला तिनं गल्लीतल्याच एका सुनेला शिकवलं, जाळ स्वतः सांभाळला. त्या लग्नसराईभर आम्ही एका गल्लीत राहून एकमेकींशी बोललो नाही. मंडळातल्या बायका मला समजवायला यायच्या आणि तिची बाजू घेऊन बोलायच्या. मी त्यांना दारातूनच परत पाठवायची. पुढे थंडीत तिला ताप आला. न्यूमोनिया झाला म्हणाले. मी जाईन, उद्या जाईन, असं म्हणत होते, आणि मग सकाळीच निरोप आला. मी गेले. तिची सासू भिंतीला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, "तुनी वाट देखे ती." मला त्याचंही काय करायचं ते कळलं नाही.

तेव्हापासून मंडळाच्या खोलीत काम सुरू झालं की माझं लक्ष जाळाकडे राहतं. बायका येतात, बांगड्या वाजतात, गप्पा होतात. मग मध्येच सगळ्या एकदम गप्प होतात, जशा कुठल्याही खोलीत होतात. त्या शांततेत मला खात्री वाटते, अक्का येऊन बसली. मी वळून बघत नाही. वळले तर तिथं कुणी नसेल, आणि असेल तरी मी पहिल्यांदा काय बोलेन ते मला माहीत आहे. एकदा मी मांडा टाकता टाकता मोठ्यानं म्हटलं, "कमी कर ना थोडा." जाळाजवळ कुणीच नव्हतं. सगळ्या बायकांनी खाली बघितलं.

जाळावर मी आता बोदवडकडून आलेली एक बाई बसवली आहे. तिचाही नवरा गेलेला, तरुण आहे, कमी बोलते. दोन-तीनदा माझ्या तोंडून तिला "अक्का" अशी हाक गेली. ती ओ देते. दुरुस्त करत नाही. त्यानं मला जास्तच कसंतरी होतं.

या वैशाखात त्याच केटररचं काम आलं. अक्कानं शिकवलेली सून बाळंतपणाला माहेरी गेलेली. मंडळातल्या सगळ्या बायका एकदम माझ्याकडे आल्या, म्हणजे मला त्यांना दारातून परत पाठवता येऊ नये.

"तुम्ही नाही आलात तर मंडळाचं नाव जाईल."

"माझं गेलं तेव्हा कुणी आलं नव्हतं."

"आता किती ताणाल?"

"रबर माझं आहे," मी म्हटलं. पण गेले. माझी अट एकच होती, साडी मी माझीच नेसणार.

जळगावबाहेरच्या लॉनवर, मागच्या बाजूला एका खोलीत कपडे बदलायची सोय होती. नऊवारी नेसवायला केटररची एक बाई होती, तोंडात पिना धरून भराभर हात चालवणारी. मी माझ्या साडीत बसून राहिले, तरी तिनं एक हिरवा ब्लाउज माझ्यासमोर धरला आणि जीभ चावली.

"हा तुम्हाला नाही व्हायचा. हा त्या काकूंचा. त्यांनी हातानं आत घेतला होता, बारीक होत्या ना."

"कोणत्या काकू?"

"जाळावर बसायच्या त्या. कशा आहेत?"

कुणीतरी तिला सांगितलं. तिनं तोंडातल्या पिना काढून हातात घेतल्या. मग आपल्या नादात बोलायला लागली, जसं गेलेल्या माणसाबद्दल कुणीही बोलतं. "सगळ्यात आधी त्याच यायच्या. मला म्हणायच्या, माझं शेवटी नको, माझं आधी कर. नथ घातली की आरशासमोरून उठायच्या नाहीत. बांगड्या भरल्या की हात असा कानाजवळ नेऊन वाजवून बघायच्या. मी हसायची. काम संपलं की बाकीच्या लगेच उतरवायच्या, काय उकडतंय म्हणत. या बसून राहायच्या. गाडी निघायला लागली की मगच काढायच्या. आणि रोज विचारायच्या, उद्या हीच नथ मिळेल ना?"

मी तो ब्लाउज हातात घेतला. कडेची शिवण अक्काचीच होती, बारीक, सरळ टाके. काखेत घामाचा फिकट डाग राहिला होता.

मला पहिल्यांदा आला तो रागच. एवढंच हवं होतं? एवढ्यासाठी मला चार माणसांत पाडलं? मला सांगायचं ना! मी मिळवून दिलं असतं. तिच्या सासूच्या दारात उभी राहिले असते, मंडळात सगळ्यांना उभं केलं असतं, कोण तिला हिरवं नेसू देत नाही ते बघितलं असतं. आणि मनातल्या मनात हे सगळं बोलत असताना माझा आवाज मलाच ऐकू आला, खोली चिडीचूप झाली आणि अक्का म्हणाली, दूध उतू चालनं, बाई.

केटररच्या कामात कुणाला काही मागावं लागत नव्हतं. साडी सगळ्यांना होती. कामाचा भाग होता. सासूला सांगता येत होतं. मलासुद्धा सांगता येत होतं. मधे फक्त मी दाराकडे निघाले होते.

"उसवू का?" नेसवणारी म्हणाली. "दोन मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या कुणालातरी होईल."

"उसवू नको."

दारातून मागचा नळ दिसत होता. बोदवडची बाई तिथं पऱ्हाट्या मोडून सारख्या करत होती. आल्या आल्या तिनं सांगून टाकलं होतं, मला साडी नको, मी मागेच बरी, भांडी-बिंडी बघते. केटररच्या माणसानंही बरं म्हणून मान डोलावली होती. बांध्यानं ती अक्कासारखीच. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. "ए, इकडे ये. घाल हे. कोण काय म्हणतं ते मी बघते." सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी ते गिळलं. सोपं नव्हतं.

नेसवणारीला मी हळू म्हटलं, "तिच्या मापाचा दिसतो. तू विचार. आज समोर एक बाई कमी पडतेय म्हणून सांग. माझं नाव घेऊ नको."

आणि मी बाहेर गेले. केटरर माझ्या साडीवरून काहीतरी म्हणाला, त्याला मी त्याच्याच पाहुण्यांसमोर गप्प केलं. ते मला जमतं. खापर तापत होतं, माणसं गोळा व्हायला लागली होती, एकानं मोबाईल आधीच उभा धरला होता. मी पहिला गोळा हातावर घेतला आणि झुलवायला लागले. डावीकडे कुणीतरी येऊन बसलं. पऱ्हाट्या आत सरकल्या आणि जाळ नीट लागला.

"ओ मावशी, इकडे बघा ना! साडी किती छान दिसतेय," गर्दीतली एक मुलगी म्हणाली. मला नव्हे.

माझ्या बाजूला बसलेल्या बाईनं मान वर केली असावी. बांगड्या हलल्या, आणि ती अगदी हलकंच हसली, पदर तोंडाला लावून हसल्यासारखं. मी मांडा खापरावर टाकला, दुसरा गोळा घेतला. त्या बाजूला मी शेवटपर्यंत पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी काहीतरी बोलून गेले असते.