पुस्तकातली दुसरी मुलगी

हॉटेलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत सगळे त्याला 'डिक्शनरी' म्हणत. खरं काम इस्त्रीचं. सत्तावीस वर्षं वाफेपुढे उभं राहून त्याच्या उजव्या हातावरचे केस कायमचे गेले होते. पाहुणे खोलीत पुस्तकं विसरून जात. तीन महिने कुणी विचारायला आलं नाही की ती रद्दीत जात, आणि रद्दीच्या आधी त्याच्याकडे. शाळा नववीत सुटलेली, पण जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश शेजारी घेऊन तो एकेक ओळ नेटाने पुढे रेटायचा. डब्याच्या सुट्टीत बाकीचे पत्ते कुटत, हा चादरींच्या ढिगाला टेकून वाचत बसे. "काय डिक्शनरी, हिरो आहे की गेला?" एवढीच त्याची चौकशी व्हायची.

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात. दर रविवारी अकराला तिचा फोन यायचा. "गोळ्या घेता ना वेळेवर?" "हो, हो." "बरं, ठेवते." दोन मिनिटांत आटोपायचं. बापलेकींना एकमेकांशी बोलायची सवयच नव्हती. मध्ये नेहमी आई असायची.

त्या वर्षी हाती आलेली कादंबरी खाणीजवळच्या एका घराची होती. मजकूर इंग्रजीच, पण मधेच असे शब्द येत की शब्दकोश हात टेकायचा. आधी त्याला वाटलं, आपलंच इंग्रजी कच्चं. मग त्याने शब्दकोश बाजूला ठेवला आणि शब्दाच्या अवतीभवती काय चाललंय ते बघू लागला. 'अबुएला' आली की काठी वाजायची, गुडघे दुखायचे, सगळ्यांवर डाफरणं व्हायचं. आजी, दुसरं कोण! 'बुएनो' म्हटलं की माणूस उठून कामाला लागायचा. म्हणजे आपलं 'बरं'. हे सगळं तो लॉन्ड्रीच्या जुन्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहून ठेवी. एखादा अंदाज बरोबर ठरला की त्या दिवशी कॉलरीसुद्धा जास्त कडक निघत.

त्या घरात आजी, आई आणि दोन मुली होत्या. थोरली तोंडाळ, पाय आपटत चालणारी. धाकटी मिजा. "मिजा, इकडे ये." "मिजा, रडू नकोस." ती कधी उलटून बोलायची नाही. बोलायचीच नाही. त्याचा जीव हिच्यावरच जडला. चादरीला घडी घालताना मनात यायचं, आजीचं काही बरंवाईट झालं तर या मुक्या पोरीकडे कोण बघणार?

एकशे चाळिसाव्या पानावर आजी गेली. माणसं पांगल्यावर आईने टेबलावर दोनच ताटं मांडली, एक स्वतःला, एक थोरलीला. मग मिजा कुठे गेली? त्याने मागची पानं उलटली. तिला फ्रॉक नव्हता, अंथरूण नव्हतं. कुणी तिला कधी पाहिलंच नव्हतं.

रविवारी फोन आला.

"अगं, एक विचारायचं होतं. एम-आय-जे-ए म्हणजे काय?"

"हे कुठे आलं?"

"पुस्तकात. शब्दकोशात नाही."

"थांबा, बघते." थोडा वेळ गेला. "स्पॅनिश आहे, बाबा. मिजा नाही, मीहा. 'माझी मुलगी' हे दोन शब्द जोडलेत. लाडाने म्हणतात, आपलं 'बाळा' असतं ना, तसं."

"म्हणजे नाव नाही ते?"

"नाव कसलं!"

"मला वाटलं, दोघी आहेत."

ती इतकी हसली की तोही हसला. मग त्याने सगळी गोष्ट सांगितली, आजीच्या काठीसकट. "आणि ती थोरली कशी आहे?" तिने विचारलं. "तुझ्यासारखी. फटकळ." चाळीस मिनिटं कशी गेली कळलं नाही.

ठेवताना त्याच्या तोंडाशी शब्द आला. लहानपणापासून तो तिला नावानेच हाक मारत आला होता. लाडाचं खातं आईकडे.

"जप... बाळा."

"काय म्हणालात?"

"जप म्हटलं."

दुपारी त्याने पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून काढलं. सगळे लाड आता एकाच मुलीचे होते. अर्थ नीट लागत होता, पण घर ओकंओकं वाटत होतं. जी मुळात नव्हतीच तिची त्याला आठवण येत होती, आणि हे सांगायचं तरी कुणाला?

पुढच्या रविवारसाठी त्याने सहा शब्द काढून ठेवले. फोन आला तेव्हा तिच्याकडे पाहुणे होते. "बाबा, घाईत आहे. फोनमध्ये टाका ना, सगळे अर्थ येतात." "हो, तेही खरं." त्याचा फोन साधा, बटणांचा. घाईत विसरली असेल.

संध्याकाळी त्याने एक कप चहा टाकला आणि शेवटचं प्रकरण उघडलं. मुलगी गाव सोडून निघाली होती. आई दारातून तिला काहीतरी ओरडून सांगत होती, चार शब्द, चारही नवे. तो त्या ओळीवर बराच वेळ थांबला. चहावर साय धरली. मग त्याने चिठ्ठी ओढली आणि कुणाला न विचारता लिहिलं: पोचलीस की कळव.