न तपासता दिलेली साक्ष

मले अजूनही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

गोंडपिपरीत मोठ्या भावाचं सागवानी दारं कोरायचं काम. आरायंत्रात उजव्या हाताची तीन बोटं गेली, पटाशी धरवेना; डाव्या हातानं कोरे, पण फार सावकाश, म्हणून भंगारातून कोरायची मशीन आणली. तिचं पातं चालवणारं कॉम्प्युटरातलं कार्ड जुनाट. एक दिवस मदरबोर्ड जळला. दुसरा बसवला तर त्याच्यावर जुनं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, चालेचना. नवं टाकावं, तर त्यातून एक जुनं फंक्शन काढायचा वाद सुरू. मेमरीतला पत्ता प्रोसेसरले एक दिसते, कार्डाले दुसरा. हे फंक्शन एकाचा दुसरा करून देई. ते गेलं की आमचं कार्ड आंधळं, अन् भाऊ घरी बसला.

कर्नल लिहिणारे जगभर पसरलेले, सारं बोलणं ईमेलवर. मी लिहिलं, ठेवा हो, पाया पडतो. ते म्हणाले, नव्या मशिनींवर हे चुकीचा पत्ता देते, डाटा भलतीकडंच जाऊन पडते. खोटं नव्हतं ते. तरी आठ दिवस भांडलो. शेवटी परदेशातल्या एका बाईनं सुट्टी घालवून आमच्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, नव्या पद्धतीनं लिहून धाडला, तोही फुकटात. म्हणाली, तपासून कळवा.

नेमका आमचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. अन् आमच्याकडं कोणी आपल्यासाठी राबलं तर त्याले ताटकळत ठेवत नाई, अळणी भाजीलेही मस्त म्हणतो. मी फोनवरूनच लिहून टाकलं, बाई, एकदम मस्त चालून राह्यलं. वाटलं, लाइट आली की पाहू.

लाइट पंधरा दिवसांनी आली. नवा ड्रायव्हर टाकून मशीन लावली तर पातं नक्षीतली वेल सोडून दाराच्या मधोमध घुसलं. पुन्हा लावली, पुन्हा तेच. घाबरून ईमेल उघडले. ते जुनं फंक्शन काढून टाकलं होतं. कारण लिहिलं होतं, शेवटचं कार्डही आता त्याच्याशिवाय चालते. तपासणारा म्हणून खाली माझं नाव.

त्या बाईले खरं काय ते लिहिलं, माफी मागितली. अजून उत्तर नाई. मंग भावाले सांगितलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. फाटलेल्या दारावरून हात फिरवत म्हणाला, "मंग माह्या डाव्या हातची कोरणी मस्त आहे म्हणत होता, तेही असंच काय?"

मी म्हणालो, नाई भाऊ, ती खरंच मस्त होती. त्याले पटलं नाई. कसं पटवावं, मलेही कळत नाई.