मागाच्या सुट्टीदिवशी काढलेला ग्राफ

आमच्या घरी कुणाच्या अंगात आलं, की माझे वडील आधी थर्मामीटर काढायचे. शेजारच्या काकू एकदा घुमायला लागल्या, तर वडिलांनी ती काचेची नळी सरळ त्यांच्या तोंडात दिली आणि म्हणाले, "देवी, दोन मिनिटं बोलू नका." अशा माणसाची मी मुलगी. भूत, भानामती, करणी... असल्या विषयांवर मैत्रिणींशी भांडून मी कॉलेजात कित्येक दिवस एकटीने डबा खाल्लाय. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तर माझी काही तक्रार नाही. मीही हसलेच असते.

१९९७ सालची गोष्ट. राजारामपुरीत एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे मी कान तपासायचं काम करायची. बाहेर डॉक्टरांची केबिन आणि आत जिन्याखाली माझी खोली. भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या, खिडकी नाही. दार लावलं की रस्त्यावरच्या रिक्षाचा हॉर्नसुद्धा आत यायचा नाही. पेशंटला हेडफोन लावायचा, मशीनमधून एकेक आवाज सोडायचा, ऐकू आला की त्याने बोट वर करायचं, आणि मी कागदावर खूण करायची. झाला ग्राफ.

मार्चमध्ये कबनूर ह्या मागांच्या गावाहून शालनताई नावाच्या एक बाई त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलीचं नाव प्रज्ञा. नवरा एका मालकाच्या कारखान्यात विजेच्या मागावर कापड विणायचा, आणि ह्या तिथेच मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. दिवाळीनंतर गल्लीत एका लग्नाची वरात निघाली होती. त्यात कुणीतरी बिगरपरवाना कारखान्यातले फटाक्यांचे बॉम्ब आणलेले — ना नाव, ना छाप, पोत्यातून विकायचा माल. अख्खं पोतं एकदम उडालं. चार मुलं जखमी झाली. पेपरात आलं, आरडाओरडा झाला आणि सरकारने जखमी मुलांना मदत जाहीर केली.

भाजलेल्या तिघांचं काम लवकर झालं, कारण त्यांचं डोळ्यांना दिसत होतं. प्रज्ञाला ओरखडाही नव्हता. तिचे कान गेले होते — डावा पूर्ण, उजवा निम्मा. आणि ते घरात दोन महिने कुणाला कळलंच नाही.

"दोन महिने?" मी जरा रागानेच विचारलं.

"आवो ताई, आमच्या कारखान्यात तोंडानं कोन बोलतंय?" शालनताई म्हणाल्या. "मागाच्या आवाजात समदी हातानं नायतर ओठ बघूनच बोलत्यात. घरला आलं तरी तीच सवय. पोरगी भैरी झालीया ते बाईंनी शाळंत वळखलं."

माझा राग तिथेच उतरला. पण सरकारी कारकुनाला मागाची काय कल्पना? त्याने अर्जावर शेरा मारला होता, 'तक्रार उशिराने, शंकास्पद'. आता मदत ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डाला कानाचा ग्राफ हवा होता, तोही महिनाअखेरच्या आत. मदत मिळाली तर उजव्या कानाला ऐकायचं मशीन बसणार होतं. नाहीतर प्रज्ञाची शाळा सुटणार होती, कारण वर्गात फळ्याकडे तोंड करून बाई काय बोलतात ते तिला कळत नव्हतं. पाठ फिरवलेल्या माणसाचे ओठ वाचता येत नाहीत.

पहिल्या दिवशी उजव्या कानाचा ग्राफ छान आला. मग डावा. मी आवाज सोडला... बोट खालीच. वाढवला, तरी खालीच. आणि मग मी काहीही सोडलेलं नसताना बोट वर. वर ते वरच. मशीन बंद केलं, तरी बोट वर.

आमच्या धंद्यात ह्याचा एकच अर्थ असतो. पेशंट अंदाजाने बोट वर करतोय, म्हणजे नाटक. डॉक्टरांनी कागद बघून मान हलवली. "हा पाठवला तर पोरगी खोटी ठरेल. पुन्हा बोलव."

आठवड्याने पुन्हा तेच झालं. आता मात्र मी हेडफोन काढला, तिच्या समोर बसले आणि ओठ नीट हलवून विचारलं, "का गं वर केलंस बोट?"

"वाजतंय की," ती म्हणाली.

"काय वाजतंय?"

"आमचं माग." आणि तिने हाताने मागातला धोटा इकडून तिकडे पळवून दाखवला, खटक-खटक, खटक-खटक.

मला हायसं वाटलं. कान गेला की पुष्कळांना त्यात आवाज येतात. कुणाला शिट्टी, कुणाला रातकिडे. मागाच्या शेजारी वाढलेल्या मुलीला माग ऐकू येणारच. हे मी शालनताईंना अगदी ऐटीत समजावत होते, तेवढ्यात प्रज्ञाने बोट खाली केलं.

"थांबलं," ती म्हणाली. "लाईट गेली."

मी वर बघितलं. माझ्या खोलीतला पंखा फिरत होता.

"हितली न्हाय, कबनूरची," शालनताई म्हणाल्या, जणू मीच जरा मंद आहे. त्यांच्या पिशवीत मालकांच्या फोनचा नंबर होता. मी निव्वळ त्यांचा गैरसमज दूर करायला तो फिरवला. तीसेक किलोमीटरवरून मालकांचा आवाज आला, "व्हय, गेली की आत्ताच. कोन बोलतंय?"

योगायोग. आपल्याकडे लाईट जायला काय लागतं? मी तसं म्हणूनही दाखवलं. मग आम्ही तिघी चहा घेत बसलो. वीसेक मिनिटांनी प्रज्ञाने कपबशी खाली ठेवली आणि बोट वर केलं.

मी पुन्हा फोन लावला.

"आली की," मालक वैतागून म्हणाले. "तुमी लाईट हापिसातनं बोलताय न्हवं? मग रोज कवा घालवनार त्ये आदी सांगत जावा की." दवाखान्यातून बोलतेय हे पटावं म्हणून मी नंबर दिला, तर पुढे महिनाभर ते त्यावर फोन करून मला लाईटीचं वेळापत्रक विचारायचे. त्यांची समजूत मी शेवटपर्यंत काढू शकले नाही.

पण ग्राफचं काय? आता तो मुलीचा प्रश्न राहिला नव्हता, माझा झाला होता. बोट वर असताना मी कसली खूण करू? बोट न बघता कान तपासणारं मशीन तेव्हा आमच्याकडे नव्हतं. पुण्याला जावं लागायचं, आणि तिथली तारीख महिनाअखेरीनंतरची. पोरगी खोटं बोलत नव्हती आणि तिच्या खरेपणामुळेच खोटी ठरणार होती. मला रडूच आलं. समोर पेशंट बसलेला असताना मी त्याआधी कधी रडले नव्हते.

शालनताईंनी मला पदराचं टोक दिलं. "आता ह्यात रडायचं काय ताई? मागाच्या सुट्टीदिवशी बोलवा की आमाला. आठवड्यातनं एक दिस लाईट बंद, माग बंद. समदं गाव गप आस्तंय."

एवढं शिकून माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी दोघी पहिल्या एसटीने आल्या. प्रज्ञा खुर्चीत बसली, मी हेडफोन लावला आणि डाव्या कानात आवाज सोडला. बोट खाली. वाढवला, आणखी वाढवला, मशीनचा काटा शेवटाला टेकला. बोट मांडीवरून हललं नाही. खात्रीसाठी तासाभराने सगळं पुन्हा केलं. दोन्ही ग्राफ तंतोतंत सारखे. कुणाचा कान गेल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात पुन्हा झाला नाही, आणि त्याची मला अजून थोडी लाज वाटते.

डॉक्टरांनी तिन्ही दिवसांचे कागद शेजारी ठेवले. "काय केलंस नक्की?"

"वार बदलला," मी म्हटलं. त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि सही केली.

बोर्डाने दाखला दिला, मदत आली, उजव्या कानाला मशीन बसलं. पहिल्याच दिवशी प्रज्ञाने आईला सुनावलं, "आये, हळू बोल की. केवढ्यांदा वरडतीस."

त्यानंतर मी जाणकारांना विचारत सुटले. एका परिषदेत मोठ्या प्राध्यापकांना गाठलं. ते म्हणाले, कानात आवाज येणं सामान्य आहे. मान्य. मी विचारलं, मग तो कबनूरच्या लाईटीबरोबर कसा जातो-येतो? ते घड्याळ बघून जेवायला गेले. त्या ग्राफखाली माझ्या हाताने लिहिलंय, 'डाव्या कानाने काहीही ऐकू येत नाही'. त्या दिवसापुरतं ते शंभर टक्के खरं होतं.

२००६ मध्ये प्रज्ञा आली ती डी.एड.ला जाणारी, सलवार-कमीज, हातात मोबाईल. मशीनचा कानात बसणारा साचा बदलायचा होता. आठवण म्हणून मी डावा कानही तपासला. मशीन सुरू व्हायच्या आधीच तिने बोट वर केलं आणि दोघी खूप हसलो.

"त्रास होत नाही का गं?" मी विचारलं.

"उलट सुट्टीदिवशीच झोप लागत न्हाय, ताई."

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. वडील, म्हणजे तिचे दादा, कारखान्यातून बोलत होते. मी शेजारीच होते, फोनमधून नुसता मागांचा खडखडाट येत होता. चांगल्या दोन कानांच्या माझ्यासारखीला त्यात माणसाचा एक शब्द कळेना. प्रज्ञानेही फोन आधी मशीनच्या, उजव्या कानाला लावला, तोंड वाकडं केलं... आणि सहज सवयीने डाव्या कानाला नेला.

"व्हय दादा, जेवले," ती म्हणाली. "न्हाय, भाजी संपली, आमटी होती. तुमी औषध घेतलं का? बरं."

फोन बंद करून तिने माझा चेहरा बघितला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"ताई, बोर्डाला सांगू नका हां."

नाही सांगितलं. आज पहिल्यांदाच, तुम्हाला सांगतेय.