डॉ. दाबके यांची न दुखणारी पट्टी

२१ जानेवारी २०२४ रोजी डॉ. गुरुदत्त दाबके यांनी सहा हजार दोनशे चाळीस रुपयांची वाणं वाटली. म्हणजे वाटली त्यांच्या पत्नीने, वल्लरीवहिनींनी, सोसायटीच्या हळदीकुंकवाला, कल्पना डॉक्टरांची. वाण म्हणजे ब्रश ठेवायचा प्लास्टिकचा स्टँड. त्यावर छापलं होतं, ‘तुमचे हे घोरतात का?’ आणि खाली दवाखान्याचा नंबर. दर रविवारी मी त्यांचे हिशेब लिहितो. हा खर्च संशोधनात टाका, असं त्यांनी मला सांगितलं. मी जाहिरातीत टाकला.

डॉक्टर दातांचे. पनवेलमध्ये वीस वर्षं त्यांनी दात काढले, दात भरले, आणि कुणाचं फार वाईट केलं नाही. पन्नाशीत त्यांना शोध लावायची हुक्की आली. झोपेत काहींच्या घशाची वाट मिटते आणि श्वास थांबतो. त्यावर रात्री तोंडात बसवायची एक पट्टी असते. ती खालचा जबडा पुढे ओढून धरते, वाट उघडी राहते. डॉक्टर अशा पट्ट्या बनवू लागले. सकाळी जबडा ठणकतो, अशी पहिल्याच पेशंटांनी तक्रार केली. दुसरा कुणी असता तर त्याने जबडा रोज थोडाथोडा पुढे घ्यायची सोय केली असती. डॉक्टरांनी पट्टीतली ओढच काढून टाकली. शिवाय पुढच्या बाजूला मऊ किनार लावली, म्हणजे ओठ मिटलेले राहतात आणि आवाज दबतो. याला ते ‘भारतीय जबड्यासाठी सुधारित रचना’ म्हणत. भारतीय जबडा वेगळा तो कसा, असं मी एकदा विचारलं.

“तुम्ही कॉमर्सचे,” ते म्हणाले.

पट्टी लागू पडली की नाही, हे ठरवायची त्यांची रीत साधी होती. पेशंटच्या बायकोला विचारायचं. अंगाला तारा लावून झोपेची तपासणी करतात, ती त्यांना पटत नसे. “रात्रभर शेजारी झोपते ती. तिच्याहून अचूक यंत्र कुठलं?” बायको म्हणाली आवाज थांबला, की पेशंट बरा. आमच्या इमारतींच्या भिंती इतक्या पातळ आहेत, की शेजारीही बरे होत.

वाणांतलं एक भामा घरतच्या हाती पडलं. भामा करंज्याहून सुकी मासळी आणून सोसायटीच्या फाटकाशी विकते. तिचा नवरा सुशांत जासईच्या एका यार्डात कंटेनर उचलायचं मशीन चालवायचा. डिसेंबरात कंटेनर वर उचललेला असतानाच त्याचा डोळा लागला. कुणाला इजा झाली नाही, पण कंपनीने त्याला खाली उतरवून तपासणी करवली. झोपेत तासाला छत्तीस वेळा त्याचा श्वास थांबत होता. नाकावर मास्क लावून हवा सोडणारं यंत्र दिलं, ते त्याला सोसवेना. मार्चअखेरपर्यंत सुधारणा दाखव, नाहीतर कायमचा खाली, असं कंपनीने बजावलं. खाली म्हणजे निम्मा पगार.

“डॉक्टर, याला मशीनवर परत बसवा. बास,” भामा त्याला दवाखान्यात आणून म्हणाली.

“मशीन काय घेऊन बसलात? मी त्याला विमानावर बसवतो.”

“इमान नको. क्रेनच बरी हाय.”

“दुखल काय?” सुशांतने विचारलं.

“दुखणारी पट्टी इतरांची. माझी घालून पेरू खा.”

“रात्चे पेरू कोन खातंय?” भामा म्हणाली.

महिन्याने ती एकटीच आली. डॉक्टरांनी हसूनच विचारलं, “आवाज गेला ना?”

“आवाज गेला. पन आता मनाच झोप नाय. आधी घोरायचा, मंजी जिता हाय कलायचं. आता मधीच गप होतंय. मी त्याच्या छातीवर हात ठेवून बसतंय, मंग तो एकदम गचका मारून उठतंय.”

तिने आजारच सांगितला होता, जसाच्या तसा. डॉक्टरांनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घेतलं. “भामाबाई, शांततेचीही सवय लागावी लागते,” असं म्हणून त्यांनी सुशांत बरा झाल्याचा दाखला लिहिला.

दाखल्यावर यार्डाच्या सुरक्षा अधिकारी रंजिता मॅडम समाधानी नव्हत्या. त्यांनी पट्टी घालायला लावूनच पुन्हा तपासणी करवली. निकालाच्या दिवशी डॉक्टर स्वतः रिक्षाने जासईला आले. कागद घेऊन मी स्कूटरवर मागोमाग.

“तेहेतीस,” रंजिता मॅडम म्हणाल्या. “छत्तीसचे तेहेतीस.”

“ही सुधारणाच आहे. टक्केवारी काढा हो,” डॉक्टर मला म्हणाले.

मी काढली. “सव्वाआठ टक्के.”

“बघा!”

“सर, यांचा डोळा लागला तर खाली माणसं असतात.”

“मॅडम, घोरणं संपूर्ण थांबलंय. यांच्या मिसेसना विचारा.”

मॅडमनी खरंच विचारलं. भामाने रात्री छातीवर हात ठेवून बसण्याचं पुन्हा सांगितलं, या वेळी शेवटपर्यंत, आणि मॅडमनी ते मधे न बोलता ऐकलं. मग त्यांनी सुशांतच्या जागी दुसरा माणूस कायम केला. सुशांत टेबलाकडे बघत होता. डॉक्टर घड्याळाकडे.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, “या यंत्रांवर फार विश्वास ठेवतात लोक.”

“डॉक्टर,” भामा म्हणाली, “तुमच्या बाईंना मी एकदा इचारनार हाय. तुमी दिवसा तरी जागं असता काय?”

डॉक्टर त्यावर हसले. टोमणा आपल्याला आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं असेल असं मला वाटत नाही. हल्ली ते पट्टीला गुलाबी रंग देता येईल का, ते बघताहेत. स्त्रियाही घोरतात, असं त्यांना आढळलं आहे. सुशांत यार्डाच्या फाटकावर कंटेनरची सीलं तपासतो, आणि रात्री पुन्हा मास्क लावून झोपायचा प्रयत्न करतो. भामा म्हणते, थोडा वेळ टिकतो.

त्या दिवशी जासईला उतरताना डॉक्टरांकडे पाचशेचीच नोट होती. रिक्षाचे दोनशे साठ रुपये फाटकावर उभ्या सुशांतने दिले. ते त्याला अजून मिळालेले नाहीत.