लांबशिंग्या, आखूडशिंग्या आणि काका

जगातला कोणताही विषय तिसऱ्या वाक्यात एका फ्रेंच विमानावर नेऊन सोडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराला अबुधाबीजवळच्या मुसफ्फाच्या लेबर कॅम्पात माझ्या वरच्या खाटेवर झोपणारे काका. गाव चिपळूणकडचं, काम एसीच्या डक्टसाठी पत्रा कापण्याचं आणि विमानाशी संबंध दोन वर्षांतून एकदा सुट्टीला जाण्यापुरता. पण साइटवरच्या कुणा साहेबानं टाकून दिलेलं जुन्या विमानांचं फ्रेंच पुस्तक त्यांच्या हाती लागलं, ड्रॉइंग ऑफिसातल्या लेबनीज माणसाला छळून त्यांनी ते पानन्‌पान समजून घेतलं आणि पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीचं टेहळणीचं दुपंखी विमान त्यांच्या मानगुटीवर बसलं ते बसलंच.

त्या विमानाचे अवतार दोन. पहिल्याच्या पुढे लांब दांड्यांवर एक जास्तीची फळी असे, तो लांबशिंग्या. दुसऱ्यात ती काढून टाकली, तो आखूडशिंग्या. काका दोघांबद्दल गोठ्यातल्या बैलांबद्दल बोलावं तसे बोलत. इंजिन पाठीमागे, पुढे माणसं दोन, एकानं चालवायचं, दुसऱ्यानं बघायचं. डाळीत मीठ कमी पडलं की म्हणत, "चालतं रे! आखूडशिंग्याचं अख्खं शिंग काढलं, बिघडलं काय? उलट फास्ट झाला." सुपरवायझर "यल्ला, यल्ला" करत घाई लावायला आला की त्यालाही शांतपणे सुनावत, "हबीबी, वो लंबा सींगवाला घंटे में सौ किलोमीटर भी नहीं जाता था, फिर भी सब देखके आता था." नव्या माणसाला ते आधी तालुका विचारत, मग विमान सांगत. घोरण्याचं सोंग घ्यायला मी त्याच खोलीत शिकलो.

तेव्हा फोन आम्हाला परवडत नसे, म्हणून कॅसेटवर पत्र भरायचं. सुट्टीला जाणाऱ्याबरोबर ती गावी जायची आणि घरचे तिच्यावरच उत्तर भरून परत पाठवायचे. काकांच्या कॅसेटची पहिली बाजू घरची: छप्पर, मुलीची शाळा, गुडघ्याचं औषध. सगळं अर्ज वाचल्यासारखं. दुसरी बाजू विमानाची. तिथे मात्र आवाज मोकळा व्हायचा, मध्येच स्वतःशी हसायचे.

इतरांच्या कॅसेटी परत येत, काकांच्या कधीच येत नसत. काकू दर वेळी नवी कॅसेट पाठवत. तिच्यात गावचं सगळं असे, विमानाचं अक्षरही नसे. "माझ्या आवाजावर भजनं भरत असेल," काका म्हणत आणि हसत. ते हसणं मला बघवत नसे. पुढे मी सुट्टीला निघालो तेव्हा त्यांनी एकच बाजू भरलेली कॅसेट दिली.

"विमान खलास," ते म्हणाले. "उगीच घरच्यांना बोअर कशाला करायचं?"

लाज वाटते सांगायला, पण मला हायसं वाटलं.

त्यांच्या गावी गेलो तेव्हा काकूंनी चहा ठेवला आणि माझ्यासमोरच कॅसेट लावली. पहिली बाजू त्यांनी तांदूळ निवडता निवडता ऐकली. ती संपल्यावर सूप बाजूला सारलं, हात पुसले आणि पाट ओढून टेपजवळ बसून बाजू उलटली. नुसती खरखर. त्यांनी आवाज वाढवला, थोडी पुढे नेली. खरखरच.

"ते आजारी आहेत का? खरं सांगा."

"ठणठणीत आहेत, काकू. विमानाचं तुम्ही ऐकत नसाल असं वाटलं त्यांना."

त्या उठल्या आणि फडताळातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. आत सगळ्या कॅसेटी. "पहिल्या बाजूला ते वाचतात हो. बोलतात ते दुसऱ्या बाजूला. परत पाठवली तर पुसली जाईल ना." मग डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "या वेळचं तुम्ही तरी सांगा."

मी शिंगं सांगितली, इंजिन सांगितलं, दोन माणसं सांगितली. दोन मिनिटांत माझं विमान संपलं.

"आणि चाकांपुढच्या लाकडी पट्ट्या?" काकूंनी विचारलं. "उतरताना नाक आपटू नये म्हणून असतात त्या?"

पट्ट्यांचं मला ठाऊकच नव्हतं.

परत आल्यावर काकांना सांगितलं, तर त्यांनी ते तीनदा सांगायला लावलं. "पट्ट्या म्हणाली? ती?" मग खाटेच्या कडेला बसून राहिले. डोळे भरले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

"इतक्या वर्षांत ऐकतेस का म्हणून एकदा विचारायचं तरी होतं रे मी तिला."

आई गेल्यापासून माझी कॅसेट ऐकायला कुणी उरलं नव्हतं आणि त्या वेळी मला काकांचा फार हेवा वाटला.