आक्काचं मंगलाष्टक

सोलापुरातल्या एका शाळेत मी तेव्हा मराठी शिकवत असे. वय चोवीस, वृत्तं आणि अलंकार तोंडपाठ. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस बघायचा असता, तर माझ्या वर्गात येऊन बसायचं. टेबलावर छडी आपटत मी मुलांना लघु-गुरू मोजायला लावायचो. कुणी मात्रा चुकवली की माझा जीव खरोखरच जळायचा.

त्या साली आक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, पहिल्या मुलीचं लग्न निघालं. आक्काचे यजमान गिरणीच्या कचेरीत कारकून. आमच्याकडे लग्नात घरच्यांनी रचलेली मंगलाष्टकं रंगीत कागदावर छापून वाटत. ती जमवून छापखान्यात देण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. एके दुपारी आक्कानं माझ्या हातात एक चिठोरी ठेवली. ती तिसरीपर्यंत शिकलेली. अक्षर मोठं मोठं.

परातीत मी थापली
भाकर माझी फुगली
पानात पहिली गेली
पाहुण्याच्या ॥

"मला ओवीच येते रे," ती म्हणाली. "तुमच्या चालीत बसत नसली तर बसव की. पण शब्द माझेच ठेव. आई बोलतीय, हे पोरीला कळायला पाहिजे."

ठेवतो म्हणालो. मंगलाष्टक म्हणजे शार्दूलविक्रीडित. ओळीला एकोणीस अक्षरं, बाराव्यावर थांबायचं. आक्काची ओवी आठ-आठ अक्षरांची, शेवटचा चरण तर अर्धाच. पण खरं सांगायचं तर वृत्त हे निमित्त होतं. मला लाज वाटली ती भाकरीची. व्याही विजापूरकडचे, त्यांच्यात दोन-तीन शास्त्री. आणि आमच्या मुलीला उपमा कशाची, तर भाकरीची. चिठोरीवर मी तांबड्या पेन्सिलीनं 'ग्राम्यत्व दोष' असं लिहिलंसुद्धा, मुलांच्या वहीवर लिहावं तसं. मग बसून नवं कडवं रचलं. त्यात चंद्रकला आली, कल्पलता आली, अनुप्रास तर ओळीओळीला. वर 'मातेचा आशीर्वाद' असा मथळा दिला आणि खाली आक्काचं नाव घातलं. तिला विचारलं नाही.

लग्न दारच्या मांडवात लागलं. अक्षता पडताना मुलीच्या आईनं तिथं थांबायचं नाही, परसात जाऊन तुळशीला पाणी घालायचं, ही आमची रीत. आक्का तांब्या घेऊन मागं गेली. तिचं म्हणून छापलेलं कडवं मी खड्या आवाजात म्हटलं. एक अक्षर इकडचं तिकडं झालं नाही. शास्त्रीबुवांनी माना डोलावल्या आणि मला धन्य वाटलं. तेव्हा खरंच तसं वाटलं होतं.

संध्याकाळी मुलगी सासरच्यांबरोबर गाडीनं गेली. स्टेशनवरून परतल्यावर मी परसात गेलो. आक्का तुळशीपाशी एकटीच बसली होती. भोवती सगळा चिखल. तिनं सांगितलं, आपली ओवी कानावर पडेल म्हणून ती पाणी घालत राहिली होती. तांब्यामागून तांबे झाले, वाजंत्री वाजायला लागली, तरी ओवी काही आली नाही. गलबल्यात ऐकायची राहिली असेल, असं तिला वाटलं. मग विहिणीनं आत येऊन तिच्या काव्याचं कौतुक केलं, तेव्हा ती नुसतीच हसली होती.

पदराखालून तिनं गुलाबी कागद काढला. स्वतःचं नाव तिनं त्यात शोधून ठेवलं होतं. अडखळत, एकेक जोडाक्षर लावत तिनं ते कडवं माझ्यासमोर शेवटपर्यंत वाचलं. तिनं मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं. तिनं फक्त कागद माझ्यापुढं केला.

"पोरगी तर गेली," ती म्हणाली. "मी तिला काय म्हणाले, एवढं तरी सांग की."

मी अर्थ सांगितला. चंद्रकला म्हणजे काय, कल्पलता म्हणजे काय, शब्द शब्द फोडून, वर्गात सांगतो तसा. ती लक्ष देऊन ऐकत राहिली, आणि पोरीला निरोप देताना आपण काय बोललो ते तिनं माझ्याकडून समजून घेतलं.