म्हाताऱ्याचा तोल

मे महिन्यात नागपुरात कोणाला काहीही झालं तरी निदान ठरलेलं असतं: ऊन लागलं. डोकं दुखलं, ऊन लागलं. जेवण गेलं नाही, ऊन लागलं. जावई तिरसट बोलला तरी तेही उन्हावर ढकलून आम्ही मोकळे. त्यामुळे त्या सकाळी आमचा म्हातारा कुत्रा कूलरसमोरून उठायला गेला आणि डाव्या कुशीवर धाडकन आदळला, तेव्हा आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर करून तेच सांगितलं.

"ऊन लागलं त्याले. काल दुपारभर गेटपाशी बसून होता ना. कांदा आण."

मलाही पटलं. मी कांदा किसला, ह्यांनी त्याचा रस म्हाताऱ्याच्या तळपायांना आणि कानांमागे चोळला. मी चमच्याने कैरीचं पन्हं पाजलं, ते त्याने लगेच ओकून टाकलं. पुन्हा उठला, पुन्हा डावीकडेच पडला. मग मी खाली बसून त्याचं तोंड हातात धरलं. धावत्या गाडीतून बाहेर बघणाऱ्या माणसाचे डोळे हलतात, तसे त्याचे डोळे सारखे इकडून तिकडे जात होते. मान डावीकडे कललेली. सरळ केली की परत तिकडेच.

"अहो, हे ऊन नाही. याचे डोळे त बघा."

ह्यांनी वाकून बघितलं आणि पलंगावरची चादर ओढून घेतली. तेवढ्यात शेजारच्या बाई कुंपणावरून डोकावून म्हणाल्या, "लकवा मारला वं त्याले. आमच्या माहेरच्या कुत्र्याले असंच झालं होतं." त्या कुत्र्याचं पुढे काय झालं, ते मी मुद्दामच विचारलं नाही.

त्याला चादरीत गुंडाळून मनीषनगरच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी आधी त्याला हुंगलंच.

"कांदा कोणी लावला, काकू?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो.

"कुत्र्यांना कांदा विषारी असतो. पोटात गेला तर रक्त बिघडतं. चाटला का यानं?"

"नाही... बहुतेक," मी म्हटलं. एक काळजी घेऊन आले होते, आता दोन झाल्या. त्यांनी तिथेच त्याचे पाय आणि कान पुसून काढले. हिरड्या बघत राहा, पांढऱ्या पडल्या तर तसेच निघून या, असं बजावलं. मग दिव्याच्या नळीने डाव्या कानात बघितलं, तसा म्हातारा कळवळला.

"दुखणं इथं आहे. आतल्या कानापर्यंत गेलंय. तोल तिथूनच सांभाळला जातो. आत्ता त्याला सगळी खोली फिरल्यासारखी वाटत असेल, म्हणून पडतो, म्हणून ओकतो."

कितीतरी दिवस तो कान झटकत होता, आणि आम्ही गोचीड शोधत बसलो होतो! त्यांनी ओकारीचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. कानात घरचं तेलबिल काही घालायचं नाही, आतला पडदा फाटला असेल तर आणखी बिघडेल, असं सांगितलं. संध्याकाळी लसणाचं तेल कोमट करून घालायचा माझा बेत होता, तो मी मुकाट्याने गिळला.

"बरा होईल ना?"

"बरेच होतात. पण वय झालंय त्याचं. दोन-तीन दिवसांत खायला लागला पाहिजे, उभा राहिला पाहिजे. नाहीतर मेंदूत काही आहे का बघावं लागेल. मग विचार करू."

कसला विचार, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हाला कळलं.

घरी आल्यावर मी त्याच्याजवळ ठाणच मांडलं. सारखा ओठ वर करून हिरड्या बघायची. खिडकीपाशी त्या गुलाबी वाटायच्या, ट्यूबलाइटखाली पांढऱ्या. शेवटी तो बिचारा माझा हात जवळ आला की तोंड फिरवायला लागला. दूधपोळीला तोंड लावेना. पडल्यापडल्याच त्याची शू व्हायची आणि मग तो आमच्या नजरेला नजर देत नसे. दुसऱ्या दिवशी दुपारी हे हळूच म्हणाले, "लय हाल होऊन राहिले वं त्याचे. मोकळं करू का आपण त्याले?"

माझं डोकंच फिरलं. "काहून? उद्या मी चक्कर येऊन पडली त मलेही मोकळं करसान का?"

हे उठून आत गेले. रुसले असतील म्हटलं, तर माझं एक मऊ सुती लुगडं घेऊन बाहेर आले. ह्यांच्या गावी बैल बसला, उठेना झाला, की त्याच्या पोटाखालून गोणपाट घालून चार माणसं त्याला उभं करायची आणि थोडा वेळ तसंच धरून ठेवायची. बसूनच राहिला तर त्याचे पाय जातात. ह्यांनी लुगड्याची चौपदरी घडी म्हाताऱ्याच्या पोटाखालून घेतली, दोन्ही टोकं वर धरली आणि कमरेत वाकून त्याला अंगणात नेलं. अंधार पडेपर्यंत कितीदा तरी. स्वतःची कंबर धरली होती, पण तक्रार नाही. त्या संध्याकाळी त्याने माझ्या बोटांवरचा दहीभात चाटला. मी कोणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून.

तिसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत आम्ही पुन्हा अंगणात. मी पुढे वाटी घेऊन, हे मागे. माझं सगळं लक्ष त्याच्या पुढच्या पायांवर.

"घट्ट धरा हो, डावीकडे जाऊन राहिला तो!"

वर बघितलं तर लुगडं जमिनीवर पडलेलं आणि ह्यांचे दोन्ही हात रिकामे.

"काहून सोडलं? सांगाचं नाही का मले?"

"सांगतलं असतं त तूच धावून धरलं असतं."

खरं होतं. मी पाऊल उचललंच होतं, ह्यांनी माझा दंड पकडला. म्हातारा चारही पाय फाकवून, मान वाकडी करून, भिंतीला घासत चालला. कुंडीपाशी वळायला गेला आणि पडला. मी ओरडले. दंडावरची पकड आणखी घट्ट झाली.

"थांब वं. पाह्य फक्त."

म्हातारा तसाच पडून होता, जीभ बाहेर, धाप लागलेली. मग त्याने पुढचे पाय टेकवले, मागचे गोळा केले आणि आमच्यापैकी कोणाचीही वाट न बघता उठला.